सावित्रीबाईंची काव्यफुले : माती, माणूस आणि देव

सावित्रीबाई फुले यांचे नाव निघाले की पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाडा, मुलींची शाळा आणि अंगावर पडणारे शेण-चिखलाचे गोळे सोसत त्या शाळेकडे निघालेली तरुण शिक्षिका हे चित्र मराठी मनापुढे उभे राहते. या शिक्षिकेने वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८५४ मध्ये, 'काव्यफुले' नावाचा कवितासंग्रह प्रसिद्ध केला होता, हे मात्र पुष्कळांना अजूनही ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांच्याही स्मरणात त्यातील शिक्षणाचा उपदेश करणाऱ्या कविताच राहिलेल्या असतात. जाई, चाफा, गुलाब, फुलपाखरू यांच्यावरील कविता एका समाजसुधारक स्त्रीचा विरंगुळा समजून बाजूला ठेवल्या जातात. वस्तुतः सावित्रीबाईंच्या विचारांचे मूळ या फुलांच्या कवितांत आहे. फूल कोण पिकवतो, ते कोण वाहतो आणि वाहून झाल्यावर त्याचे काय होते, या साध्या प्रश्नांतून त्यांनी माणूस, निसर्ग आणि देव यांच्या नात्याचा शोध घेतला.

फुलांचे घराणे

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. हे गाव आज खंडाळा तालुक्यात येते. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. माळी समाजातील हे शेतकरी घर होते. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या गोविंदराव फुले यांचे चिरंजीव जोतीराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते.

सासरच्या आडनावातच फुलांचा इतिहास होता. या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पुढे हे कुटुंब पुरंदर भागातील खानवडीला आणि तेथून पुण्यास आले. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याचे काम जोतीरावांच्या आजोबांच्या पिढीनंतर या घराकडे आले. हार, गजरे, फुलांच्या गाद्या, देवपूजेची फुले अशी ही सेवा होती. तिच्या मोबदल्यात जमीन मिळाली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले.

पुण्याच्या पेठांत त्या काळी देवाचे आणि झाडाझुडपांचे नाते पावलोपावली दिसत होते. बुधवार पेठेतच पाहावे तर तुळशीबाग आणि बेलबाग ही दोन्ही देवस्थाने बागेची नावे घेऊन उभी आहेत. तुळशीबागेतील राममंदिराचे काम १७६१ मध्ये नारो अप्पाजी खिरे यांनी सुरू केले, तर बेलबाग नाना फडणवीसांनी उभारली. जवळच पुण्याची ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी. या सर्व ठिकाणी रोज फुले लागत. ती मळ्यात पिकवणारे, पहाटे तोडणारे आणि ओवणारे हात माळ्यांचे असत. गाभाऱ्यात ती वाहण्याचा अधिकार मात्र दुसऱ्यांच्या हाती होता, आणि ज्यांची सावलीही विटाळ मानली जाई त्यांना देवळाची पायरीही वर्ज्य होती. एकाच फुलाच्या प्रवासात निसर्ग, श्रम, भक्ती आणि जातिभेद असे एकत्र आलेले होते. फुल्यांच्या घरात आलेल्या मुलीला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

बुधवार पेठेतील शाळा

जोतीरावांच्या पुढाकाराने सावित्रीबाई लिहायला-वाचायला शिकल्या. जोतीरावांच्या मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांची त्यांना साथ होती. पुण्यातील मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ मध्ये तात्यासाहेब भिडे यांच्या बुधवार पेठेतील वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा जोतीराव एकवीस आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. पेशवाई बुडून तेव्हा तीसच वर्षे झाली होती.

स्त्रीने आणि शूद्राने विद्या घेणे हे त्या काळच्या सनातनी समजुतीप्रमाणे धर्माविरुद्धचे वर्तन होते. १८४९ मध्ये समाजाच्या दडपणामुळे गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर जाण्यास सांगितले. पहिली शाळा काही काळाने बंद पडली. परंतु ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा भरू लागली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. महार-मांग समाजातील मुलांसाठीही या दांपत्याने स्वतंत्र शाळा चालविल्या.

या शाळांत वाचन-लेखन आणि गणित शिकवले जाई. पण मुलींच्या मनात जागे झालेले प्रश्न त्याहून पुढचे होते. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही बंदी आहे त्यांचा धर्म तरी कोणता, असा थेट सवाल त्या मुलीने देवाला आणि समाजाला केला होता. 'काव्यफुले' हा संग्रह याच वातावरणात, मुक्ताच्या निबंधाच्या आदल्या वर्षी, पुण्यात प्रसिद्ध झाला.

फूल पाहणारी आणि फुलाला दिसणारी

'काव्यफुले'मध्ये ४१ कविता आहेत. नावात फूल आहे आणि आडनावही आहे. संग्रहात शिवाची प्रार्थना आहे, ईशस्तवन आहे, छत्रपती शिवाजी महाराज आणि महाराणी ताराबाई यांचे स्मरण आहे, बळीराजाचे स्तोत्र आहे, इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे, शूद्रांच्या दुःखाचे कारण शोधणाऱ्या रचना आहेत आणि फुलांवरील कविताही आहेत. भाषा साधी, बरीचशी बोलीच्या अंगाने जाणारी. अभंग-ओवीच्या परंपरेशी तिचे जवळचे नाते आहे.

त्या काळी मराठीत छापली जाणारी बरीचशी कविता संस्कृत काव्याच्या वळणावर चालत होती. तिच्यातील निसर्ग बहुधा उपमांसाठी येई. कमळ म्हणजे मुख, कोकिळा म्हणजे कंठ, चंद्र म्हणजे विरहाचा ताप अशी त्याची ठरलेली कामे असत. सावित्रीबाईंच्या कवितेतील जाई असे कुणाचे रूपवर्णन करण्यासाठी येत नाही. पाहणारी स्त्री जाईकडे पाहते आणि जाईही तिच्याकडे पाहते. फुलाला नजर आहे, लाजणे आहे, मनही आहे. पुढे ही कविता फुलाच्या नशिबाकडे वळते. ताजेपणी त्याला जपतात आणि उपयोग संपताच टाकून देतात, ही जगाची रीत ती दाखवते. विधवा झालेल्या मुलीला, टाकलेल्या बायकोला समाज कसे वागवतो हे जिने रोज पाहिले, तिने हे लिहिले आहे. कवितेत विधवेचा उल्लेख करण्याची गरज तिला वाटली नाही.

पिवळ्या चाफ्यावरील कवितेत हळदीसारखा रंग आणि सुवास इंद्रियांना सुखावतो. फुलपाखरू आणि कळी यांच्या कवितेत कळी उमलते, फुलपाखरू येते, मध घेते आणि तिला कोमेजलेली सोडून निघून जाते. ही निसर्गातली साधी घटना आहे. परंतु ती सांगणाऱ्या कवयित्रीची सहानुभूती कुणीकडे आहे याविषयी शंका राहत नाही.

'मानव व सृष्टी' या कवितेत हाच विचार उघडपणे मांडला आहे. माणूस आणि निसर्ग या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू आहेत, अशी तिची भूमिका आहे. त्यामुळे सृष्टीला शोभेल असे जगणे हे माणसाचे कर्तव्य ठरते. माणूस सृष्टीचा मालक आहे असे ही कविता म्हणत नाही, आणि सृष्टी ही माया आहे असेही म्हणत नाही. मराठी संतपरंपरेत या विचाराचा एक पूर्वज आहे. अरणच्या सावता माळ्याने आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. शेतीचे काम हीच त्याची पूजा होती. तेराव्या शतकातील त्या माळ्याची दृष्टी एकोणिसाव्या शतकातील या शेतकऱ्याच्या लेकीत पुन्हा दिसते. सावित्रीबाईंनी तिच्यात सामाजिक न्यायाची धार घातली.

शेंदूर आणि नवस

सावित्रीबाई निरीश्वरवादी नव्हत्या. ज्या संग्रहात शिवाची प्रार्थना आहे, त्याच संग्रहात नवसावर कठोर टीका करणारी कविताही आहे. दगडाला शेंदूर फासायचा, त्याला देव म्हणायचे, मुलासाठी बकऱ्याचा नवस बोलायचा, या व्यवहाराची ती हजेरी घेते. दगडाकडून मुले मिळत असती तर स्त्री-पुरुषांना लग्न करण्याचे कारणच उरले नसते, असा तिचा बिनतोड युक्तिवाद आहे. प्रार्थना आणि ही टीका यांच्यात विसंगती आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु सावित्रीबाईंचा आक्षेप देवाला नव्हता. देवाच्या नावाने सौदा करण्याला, त्या सौद्यात मुक्या जनावराचा बळी देण्याला आणि भाबड्या माणसाला लुबाडण्याला तो होता.

या विचाराचे सर्वांत स्पष्ट रूप त्यांच्या एका पत्रात सापडते. १८५६ मध्ये त्या आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी नायगावला माहेरी गेल्या. तेथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत शाळेचा भार फातिमावर पडत असेल याची काळजी त्या पत्रात आहे. त्याचबरोबर भावाशी झालेल्या वादाची हकिगतही आहे. महार-मांगांसाठी काम करणे म्हणजे पाप, कुळाला कलंक, असे भावाचे म्हणणे होते. सावित्रीबाईंनी त्याला त्याच्याच घरातील व्यवहार दाखवून उत्तर दिले. तू गाई-शेळ्यांना माया लावतोस, नागपंचमीला विषारी नागालाही दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच हाडामांसाच्या माणसांना दूर का ठेवतोस, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

एका घरगुती भांडणात निघालेल्या या प्रश्नाने हिंदू कृषिसंस्कृतीच्या मर्मावर बोट ठेवले आहे. ही संस्कृती झाडाला, नदीला, गाईला, सापाला पवित्र मानते. बैलाची पूजा करते, वडाला सूत गुंडाळते. पवित्रतेची ही कल्पना इतकी विशाल असताना माणसाच्या दारापाशी येऊन ती अडते का, असे सावित्रीबाई विचारतात. निसर्गपूजेची चेष्टा त्या करीत नाहीत. तिचा विस्तार माणसापर्यंत व्हावा एवढीच त्यांची मागणी आहे. १८६८ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच मागणीचा प्रत्यक्ष अर्थ होता. पाणी हे सृष्टीचे, त्यावर जातीचा पहारा बसवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मंगलाष्टकांची नवी भाषा

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतीरावांनी ईश्वरासाठी 'निर्मिक' हा शब्द वापरला. सृष्टी निर्माण करणारा एकच निर्मिक असून त्याच्या आणि माणसाच्या मध्ये दलाल नको, हे या समाजाचे सूत्र होते. विचार पटणे सोपे असते, पण जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी माणसाला विधी हवे असतात. तेथे पुरोहिताशिवाय कसे चालावे, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर शोधण्यात सावित्रीबाईंचा प्रत्यक्ष वाटा होता. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट आणि वधू राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची कन्या. या विवाहाच्या खर्चाची बाजू सावित्रीबाईंनी सांभाळली. पुढे जोतीरावांनी सत्यशोधक पद्धतीची मंगलाष्टके आणि पूजाविधी रचून १८८७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यात वधू आणि वर मराठीतच एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रीच्या हक्कांची ग्वाही मागते आणि वर ती देतो. न समजणाऱ्या मंत्रांची जागा समजणाऱ्या पद्याने घेतली. कविता येथे प्रत्यक्ष संस्कार झाली होती आणि पवित्रतेचा आधार दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द हा होता. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक पुत्र यशवंतचा विवाहही फुले दांपत्याने याच पद्धतीने केला.

दुष्काळातील सृष्टी

निसर्गाची दुसरी बाजू सावित्रीबाईंनी पाहिली ती १८७६-७७ च्या दुष्काळात. २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र हा त्या दुष्काळाचा एक जिवंत दस्तऐवज आहे. पाऊस नाही, जनावरे मरत आहेत, माणसे पाला आणि रानफळे खात आहेत, गावे सोडून जात आहेत, असे चित्र त्यात आहे. फुलांची कवयित्री येथे उजाड माळरानासमोर उभी आहे.

तरीही या आपत्तीचा सारा दोष त्यांनी आभाळाला दिला नाही. दुष्काळाचा फायदा घेणारे सावकार आणि त्यातून उसळलेले दंगे यांची नोंद त्यांनी केली. मदतकार्य करणाऱ्या सत्यशोधकांना पकडण्यात आले तेव्हा त्या कलेक्टरला भेटल्या, कार्यकर्त्यांची बाजू मांडली, त्यांची सुटका करवून घेतली आणि भुकेल्यांसाठी ज्वारीची मदतही मिळवली. पाऊस न पडणे हे निसर्गाचे, पण शेजारी धान्य असताना माणूस उपाशी मरणे हे माणसाचे, हा भेद त्यांना स्वच्छ दिसत होता. माणूस आणि सृष्टी एक आहेत असे तेवीस वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या कवयित्रीने त्या एकपणाची जबाबदारी ओतूरच्या उन्हात उचलली.

टिटवे आणि प्लेग

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत पुढे चालताना टिटवे धरण्याचा मान कुणाचा यावरून वाद उपस्थित झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले. पतीच्या अंत्यविधीत स्त्रीने असे पुढे होणे त्या काळी अकल्पित होते. त्यानंतर त्यांचा 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' हा दुसरा काव्यग्रंथ आला. ५२ रचनांच्या या ग्रंथात जोतीरावांचे चरित्र आणि त्यामागचा इतिहास त्यांनी पद्यात सांगितला आहे. पतीचे चरित्र लिहिताना त्यांनी स्वतःला झाकले आहे, आणि हा त्यांचा स्वभावच होता. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. यशवंत तेव्हा डॉक्टर होते. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्यांनी रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून त्या दवाखान्यात पोहोचविले. त्या संसर्गाने त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या समाजाने माणसाच्या स्पर्शाला विटाळ म्हटले, त्या समाजात एका आजारी मुलाला उराशी धरून नेताना त्यांनी प्राण गमावला.

विसरलेली कविता

मराठी काव्याच्या इतिहासात आधुनिक कवितेचा आरंभ सामान्यतः केशवसुतांपासून, १८८५ च्या सुमारास मानला जातो. त्यांनी कवितेला व्यक्तीचा आवाज दिला, सामाजिक बंडाची भाषा दिली आणि निसर्गाशी नवे नाते जोडले, हे खरेच आहे. परंतु त्याआधी तीन दशके पुण्यातील एका शिक्षिकेने हे तिन्ही धागे एका लहानशा संग्रहात आणले होते. तिचा प्रभाव पुढच्या कवींवर पडला असे म्हणता येत नाही, कारण तिची कविता साहित्याच्या चर्चेत फारशी पोहोचलीच नाही. स्त्रीने लिहिलेली, माळ्याच्या घरातून आलेली, पंडितांच्या रूढ संकेतांबाहेरची ही रचना होती. तिचे विस्मरण हा केवळ योगायोग नाही.

डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर या कविता, पत्रे आणि भाषणे नव्या वाचकांपर्यंत पोहोचली. १९९८ मध्ये सावित्रीबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले आणि २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. भिडे वाड्याच्या जागेचा वाद अनेक वर्षे न्यायालयात चालला. तो मिटल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी जुनी, मोडकळीस आलेली वास्तू पाडण्यात आली.

या जागेच्या समोरच श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर आहे. तेथे रोज हारांचे ढीग येतात. झेंडू, शेवंती, गुलाब आणि दूर्वा वाहिल्या जातात आणि दिवस मावळताना निर्माल्य होतात. रस्त्याच्या एका बाजूला फुलांनी भरलेला गाभारा आणि दुसऱ्या बाजूला फुलांच्या कवयित्रीची शाळा असा हा बुधवार पेठेतील योग आहे. उभ्या राहणाऱ्या स्मारकात पाटी-पेन्सिलीबरोबर 'काव्यफुले'लाही मानाचे स्थान मिळाले पाहिजे. सावित्रीबाईंनी मुलींना अक्षरे का शिकवली, याचे उत्तर त्या कवितांत आहे. सृष्टीतील प्रत्येक फुलाला फुलण्याचा अधिकार आहे असे मानणाऱ्या स्त्रीला शेजारच्या झोपडीतील मुलगी निरक्षर राहिलेली पाहवली नसती.